थंडीत पांढरी पडणारी बोटे : सोसावे की नोकरी सोडावी?

वाचकाचे पत्र, थोडक्यात : या वाचक भगिनी ३४ वर्षांच्या असून एका कार्यालयात हिशेबाचे काम करतात. गेल्या तीन हिवाळ्यांपासून त्यांच्या दोन्ही हातांची बोटे थंडीत अचानक पांढरीफटक पडतात. सकाळी दुचाकीवरून पाऊण तासाचा प्रवास करून कार्यालयात पोहोचेपर्यंत अंगठे सोडून सगळी बोटे बधीर झालेली असतात. तिथे गेल्यावर त्या हात गरम पाण्याखाली धरतात. मग बोटे निळसर होतात, थोड्या वेळाने लालभडक होतात आणि असा ठणका लागतो की डोळ्यांत पाणी येते. आतापर्यंत अनेक प्रकारचे हातमोजे घेऊन झाले, पण ते फसले. कार्यालयात त्यांची जागा एसीच्या झोतासमोर असल्याने दुपारीही एखादा झटका येतो, पण जागा बदलून मागितली तर आपण नाजूक ठरू, अशी त्यांना धास्ती आहे. घरच्यांचे म्हणणे असे की “अंगात रक्तच नाही”, आणि त्याच्या जोडीला “एवढ्याशा थंडीचं काय घेऊन बसलीस?” हेही असते. म्हणून त्यांनी स्वतःच लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आहेत. ओळखीच्या एकाने रक्त पातळ करण्यासाठी ॲस्पिरिन सुचवली, तीही त्या अधूनमधून घेतात. अर्धशिशीसाठी सुमारे तीन वर्षांपासून रोज प्रोप्रानोलॉलची गोळी चालू आहे, “पण तिचा इथे काही संबंध नसावा”, असे त्यांनी पत्राच्या अखेरीस लिहिले आहे. रक्ताभिसरणच खराब असेल तर हे जन्मभर सोसायचे, की नोकरी सोडून घरी बसायचे, असा त्यांचा प्रश्न आहे. डॉक्टरांकडे जायला त्या कचरतात. डॉक्टर एक तर हसतील, नाही तर एखाद्या मोठ्या आजाराचे नाव घेतील, अशी त्यांना भीती वाटते.

सप्रेम नमस्कार.

ज्या गोळीचा इथे संबंध नसावा असे तुम्हाला वाटते, तिथूनच मी उत्तराला सुरुवात करतो. प्रोप्रानोलॉल हे बीटा ब्लॉकर या गटातले औषध आहे. रक्तदाब, हृदयाची धडधड, हातांचा कंप, अर्धशिशी अशा अनेक कारणांसाठी ते दिले जाते आणि हातपाय गार पडणे हा त्याचा डॉक्टरांना चांगला ठाऊक असलेला दुष्परिणाम आहे. बोटांचा त्रास तीन हिवाळ्यांचा आणि गोळीही साधारण तितक्याच काळाची, हे तुमच्याच पत्रात आहे. फक्त त्या दोन ओळी एकमेकींपासून फार लांब पडल्या आहेत. दोन गोष्टी एकाच सुमारास सुरू झाल्या म्हणून एकीमुळेच दुसरी झाली, असे अर्थातच म्हणता येत नाही. अर्धशिशी असणाऱ्यांमध्ये बोटे अशी पांढरी पडण्याचा त्रास मुळातच इतरांपेक्षा अधिक आढळतो. तेव्हा तुमच्या रक्तवाहिन्याच जरा जास्त संवेदनशील असतील आणि गोळीने त्यात भर घातली असेल, असेही असू शकते. पण ही शक्यता तपासल्याशिवाय हातमोज्यांवर खर्च करत राहणे म्हणजे मूळ सोडून फांद्यांना हात घालण्यासारखे होईल.

ज्या डॉक्टरांनी ही गोळी लिहून दिली, त्यांना भेटून बोटांचे सविस्तर वर्णन सांगा. अर्धशिशीचे झटके टाळण्यासाठी इतर गटांतली औषधेही आहेत आणि त्यांपैकी एखादे तुम्हाला चालेल का, हे ते ठरवू शकतील. मात्र हा मजकूर वाचून उद्यापासून गोळी बंद करू नका. बीटा ब्लॉकर एकाएकी थांबवल्यास हृदयाचे ठोके आणि रक्तदाब उसळू शकतात, त्यामुळे ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावे लागते. अर्धशिशीचा झटका आल्यावर तुम्ही वेगळी गोळी घेत असाल, तर तिचेही नाव सांगा, कारण त्यासाठी दिली जाणारी एर्गोटामीन आणि ट्रिप्टान गटातली औषधे रक्तवाहिन्या आकुंचित करतात. सर्दीत नाक मोकळे करण्याच्या काही गोळ्यांचेही तसेच आहे.

आता तुमच्या प्रश्नातल्या गृहीतकाकडे वळू. “रक्ताभिसरण खराब आहे” असे आपण सहज म्हणून जातो, पण त्या तीन शब्दांत हृदय कमजोर असण्यापासून रक्त कमी असण्यापर्यंत वाटेल ते मावते, आणि म्हणूनच घरच्यांनी एक औषध काढले, ओळखीच्यांनी दुसरे. तुम्ही ज्या क्रमाने रंग सांगितले आहेत, पांढरा, मग निळसर, मग लाल, तो क्रम एका विशिष्ट प्रकाराकडे बोट दाखवतो. मोरिस रेनो या फ्रेंच वैद्याने १८६२ साली त्याचे वर्णन केले आणि आजही त्याला रेनॉड्स असेच म्हणतात. पत्रावरून निदान करता येत नाही, ते डॉक्टरांचे काम. परंतु तसे असेल तर इथे बिघाड हृदयात नसतो आणि रक्तातही नसतो. घरातली टाकी भरलेली असावी, मोटर ठणठणीत चालत असावी आणि शेवटच्या नळाची तोटी मात्र कोणीतरी गरजेपेक्षा जास्त आवळलेली असावी, तसे हे आहे.

ती तोटी कोण आवळते, हे समजून घेतले तर पुढचे उपाय आपोआप पटतात. शरीराला आपला गाभा, म्हणजे छाती, पोट आणि मेंदू, ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राखायचा असतो. बोटे बारीक असतात, त्यांच्या आकाराच्या मानाने त्यांचा पृष्ठभाग मोठा असतो आणि त्यामुळे त्यांच्यातून उष्णता भराभर बाहेर पडते. म्हणून बोटांच्या त्वचेत धमनिका (बारीक धमन्या) आणि शिरा यांना थेट जोडणाऱ्या असंख्य आडवाटा आहेत. गरमी असली की त्या उघडतात आणि उष्णता बाहेर टाकली जाते. थंडी जाणवली की मज्जातंतूंच्या आदेशाने मिटतात. थोडक्यात, बोटांकडे जाणाऱ्या रक्ताचा मोठा भाग बोटांच्या पोषणासाठी नसून साऱ्या शरीराचे तापमान सांभाळण्यासाठी असतो. हे प्रत्येकाच्या शरीरात घडते. तुमच्या बाबतीत ते किरकोळ थंडीतही घडते आणि पूर्ण जोराने घडते. पांढरेपणा म्हणजे रक्त आत येणे जवळजवळ थांबले आहे, निळसरपणा म्हणजे आत अडकलेल्या रक्तातला प्राणवायू संपत आला आहे, आणि लाली म्हणजे रक्त पुन्हा धावत आले आहे. ज्या ठणक्याने तुमच्या डोळ्यांत पाणी येते तो या शेवटच्या टप्प्यातला असतो. तो असह्य असला तरी बोट खराब होत असल्याची ती खूण नसून त्यात रक्त परतत असल्याची आहे, एवढे कळले तरी त्या दहा मिनिटांतली भीती थोडी कमी व्हावी.

यातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. झटका येण्यासाठी कडाक्याची थंडी लागतेच असे नाही. उबेतून गारव्यात अचानक जाणे पुरते, आणि मानसिक ताणही पुरतो, कारण रक्तवाहिन्या आवळणारे मज्जातंतू तेच असतात. दुपारी एसीखाली तुम्हाला जो झटका येतो, तो कोणत्या दिवशी येतो, हे एकदा पाहाल का? महिनाअखेरीच्या हिशेबाच्या घाईत तो अधिक येतो असे आढळले तर मला आश्चर्य वाटणार नाही.

आता तुमच्या भीतीबद्दल. डॉक्टर हसतील, असे मानण्याचे कारण नाही; हा त्रास दर शंभरांतल्या साधारण ३ ते ५ जणांना असतो आणि स्त्रियांमध्ये तो जास्त दिसतो. मोठ्या आजाराचे नाव निघेल का, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे की बहुतेकांच्या बाबतीत निघत नाही, पण तेवढ्यावर विसंबून तपासणी टाळू नये. रेनॉड्सचे दोन प्रकार मानतात. पहिल्यात मागे दुसरा कोणताही आजार नसतो. तो सहसा पंधरा ते तिशीच्या दरम्यान सुरू होतो, दोन्ही हातांना सारखाच होतो, अंगठा बहुधा सुटतो, आणि बोटांना जखमा होत नाहीत. तुमच्या वर्णनातल्या बऱ्याच गोष्टी या प्रकाराशी जुळतात. दुसऱ्या प्रकारात मागे काही तरी असते : एखादे औषध, थायरॉईडची कमतरता, मनगटात दबलेली नस किंवा स्क्लेरोडर्मा (ज्यात त्वचा ताठ होत जाते), ल्युपस यांसारखा संयोजी ऊतींचा, म्हणजे अवयवांना जोडणाऱ्या आणि आधार देणाऱ्या ऊतींचा आजार. स्क्लेरोडर्मा हा विरळा आजार आहे, पण तो होणाऱ्या नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना रेनॉड्स असतो आणि कित्येकदा बाकीची लक्षणे दिसण्याच्या काही वर्षे आधीच बोटे पांढरी पडू लागतात. तुमचा त्रास तिशी ओलांडल्यावर सुरू झाला आहे. म्हणून घाबरण्यासाठी नव्हे, तर एकदा खात्री करून मोकळे होण्यासाठी तपासणी करावी असे मला वाटते.

ही तपासणी फार अवघड नसते. नेहमीच्या डॉक्टरांपासून सुरुवात करावी. गरज भासल्यास ते संधिवाततज्ज्ञांकडे पाठवतील. रक्तातले हिमोग्लोबिन, थायरॉईड, एएनए (शरीराच्या स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिद्रव्ये शोधणारी चाचणी) यांसारख्या काही चाचण्या होतात, आणि नखाच्या मुळाशी असलेल्या त्वचेतल्या केशवाहिन्या सूक्ष्मदर्शकासारख्या साधनाने पाहिल्या जातात. त्यांची रचना नीटनेटकी दिसली तर तो मोठाच दिलासा असतो. अडचण एवढीच की तुम्ही डॉक्टरांच्या उबदार खोलीत बसलेल्या असताना बोटे अगदी चांगली दिसतात. म्हणून झटका आला की मोबाइलने बोटांचे छायाचित्र काढून ठेवा, शक्यतो पांढऱ्या आणि लाल अशा दोन्ही टप्प्यांचे. पांढरा भाग आणि निरोगी त्वचा यांच्यातली रेघ कित्येकदा खडूने आखावी इतकी स्पष्ट असते आणि ती पाहिल्यावर डॉक्टरांना फारसे विचारावे लागत नाही. सोबत झटका कधी आला, कशाने आला, किती वेळ टिकला याची दोन-तीन आठवड्यांची नोंद न्या. तोंड किंवा डोळे कोरडे पडणे, सांधे दुखणे, सकाळी बोटे सुजलेली वाटणे, त्वचा ताठ होणे, गिळताना घास अडकणे, उन्हात चेहऱ्यावर चट्टे उठणे, यांतले काही होत असेल तर ते विचारण्याची वाट न पाहता सांगा.

गोळ्यांचे म्हणाल तर तुम्ही स्वतःहून घेत असलेल्या दोन्ही माझ्या मते तूर्त थांबवाव्यात. रक्तक्षय असेल तर थंडी अधिक वाजते हे खरे आहे, त्यामुळे घरच्यांचा तर्क अगदीच निराधार नाही. परंतु तो एका साध्या चाचणीने तपासता येतो आणि कमतरता नसताना लोह घेत राहिल्याने बद्धकोष्ठ आणि पोटदुखीपलीकडे हाती फारसे लागत नाही. चाचणीत कमतरता निघाली तर गोळ्या जरूर घ्या, पण डॉक्टर सांगतील त्या मात्रेत. ॲस्पिरिनची गोष्ट वेगळी आणि अधिक गंभीर आहे. ती रक्त गोठण्याची प्रवृत्ती कमी करते. आवळलेली रक्तवाहिनी सैल करत नाही. म्हणजे ज्यासाठी तुम्ही ती घेता ते काम ती करत नाही आणि पोटात रक्तस्राव होण्याचा धोका मात्र तुमच्या पदरात टाकते. काही आजारांत डॉक्टर ती देतात, त्यांनी दिलेली कोणी बंद करू नये. ओळखीच्यांनी सुचवलेली मात्र घेऊ नये.

आता रोजच्या सकाळकडे येऊ, कारण खरा झगडा तिथे आहे. तुम्ही हातमोज्यांविषयी बरेच लिहिले आहे, कोणते घेतले, कोणते फसले, पण अंगात काय घालता याविषयी एक ओळही नाही. वर सांगितल्याप्रमाणे बोटांचा रक्तपुरवठा बोटांच्या तापमानावरच नव्हे, तर साऱ्या शरीराच्या उबेवर ठरतो. गाभ्याला गारवा जाणवू लागला की हातमोजे कितीही जाड असले तरी तोटी आवळली जाणारच, कारण हातमोजा उष्णता निर्माण करत नाही; आत येणाऱ्या रक्ताची ऊब तो फक्त धरून ठेवतो. रक्तच येईनासे झाले की तो गार बोटे गारच राखतो. उलट छाती आणि पोट चांगले उबदार ठेवले तर उघड्या हातांचाही रक्तपुरवठा सुधारतो, असे प्रयोगांत दिसून आले आहे. तेव्हा पहिली गुंतवणूक अंगालगतच्या उबदार बनियनमध्ये, त्यावरच्या लोकरी थरात आणि वारा न शिरणाऱ्या जाकिटात करा. एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे, कारण त्यांच्यामध्ये हवा अडकून राहते. मान, डोके आणि मनगटे झाका. बाही आणि हातमोजा यांच्यामध्ये बोटभर उघडी राहणारी फट दुचाकीवर भलतीच महाग पडते, कारण मनगटातल्या धमन्या त्वचेच्या अगदी जवळून जातात आणि वारा नेमका तिथेच झोंबतो. हातमोजा बाहीच्या वर चढेल इतका लांब असावा.

हातमोजे घालण्याची वेळ ही त्यांच्या जाडीइतकीच महत्त्वाची आहे. बहुतेक जण कुलूप लावून, गाडीची थंडगार मूठ धरून, बोटे गारठू लागल्यावर हातमोजे चढवतात. तुम्ही ते घरातच, हात उबदार असताना, निघण्याच्या दहा मिनिटे आधी घाला. त्याआधी घरात थोडे चालणे-फिरणे झाले तर अधिक चांगले. हातमोजे घट्ट नकोत. बोटांच्या टोकाशी थोडी मोकळी जागा राहिली पाहिजे, नाही तर ते स्वतःच रक्तवाहिन्या दाबतात. आत लोकरीचा किंवा तशाच उबदार कापडाचा पातळ थर आणि बाहेर वारा अडवणारा थर, ही जोडी चांगली. चारही बोटे एकाच कप्प्यात राहतात असे हातमोजे पायी चालताना सर्वांत उबदार ठरतात, पण ब्रेक दाबण्यासाठी बोटे मोकळी लागतात, तेव्हा दुचाकीवर ते नकोत. त्याऐवजी हँडलच्या मुठींवर बसवायची आवरणे मिळतात, ज्यांत हात सरकवून गाडी चालवता येते. दिसायला ती जरा गबाळी दिसतात, पण वारा हातापर्यंत पोहोचूच देत नाहीत, आणि माझ्या मते तुमच्या पाऊण तासाच्या प्रवासात सर्वाधिक फरक त्यांनीच पडेल. एवढे करूनही भागले नाही तर बॅटरीवर गरम होणारे हातमोजे हा पर्याय आहे. मूठ घट्ट आवळून धरण्याची सवय असेल तर सिग्नलला थांबल्यावर ती सैल सोडा, बोटे उघडा-मिटा.

इथे एक गोष्ट जरा स्पष्टपणे सांगणे भाग आहे. बधीर बोटांनी ब्रेकचा दाब नीट कळत नाही. अर्ध्या वाटेत बोटे पांढरी पडली तर तशीच दामटत कार्यालय गाठणे ही तुमच्या आणि रस्त्यावरच्या इतरांच्याही सुरक्षिततेशी तडजोड आहे. पाच-दहा मिनिटे उशीर परवडतो; गाडी बाजूला घ्या. हातमोजे काढून हात जाकिटाच्या आत काखेत धरा. किंवा हात खांद्यापासून सरळ ठेवून मोठ्या वर्तुळात गोल फिरवा, त्या जोराने रक्त बोटांच्या टोकांकडे ढकलले जाते. आजूबाजूचे लोक बघतील, बघू द्यावेत.

कार्यालयात पोहोचल्यावरचा गरम पाण्याचा नळ मात्र आजपासून बंद. बधीर त्वचेला तापमानाचा अंदाज येत नाही, त्यामुळे भाजले तरी ते उशिरा कळते. शिवाय गारठलेल्या बोटांना एकाएकी उष्णता दिली की ठणकाही वाढतो. पाणी फक्त कोमट हवे आणि ते कोमट आहे की नाही हे बोटांनी नव्हे, कोपराने पाहावे. हीटरसमोर हात धरणे, गरम पिशवीवर बोटे टेकवणे, जोरजोरात चोळणे, हे सगळे त्याच कारणासाठी टाळावे. अंग उबदार असेल आणि हात गारव्यातून बाहेर आले असतील तर झटका सहसा पंधरा-वीस मिनिटांत ओसरतो.

याच संदर्भात, तुमच्यासारखेच लिहिणाऱ्या पण वेगळा त्रास असणाऱ्या वाचकांसाठी थोडे. बोटांवर किंवा पायाच्या अंगठ्यांवर थंडीनंतर काही तासांनी लाल-जांभळ्या, खाजणाऱ्या, दुखऱ्या गाठी उठत असतील, तर तो बहुधा चिलब्लेन्सचा प्रकार असतो. त्यात रंग भराभर बदलत नाहीत, गाठी एक ते तीन आठवडे राहतात आणि भराभर शेकल्याने त्या चिघळतात. कंप पावणारी यंत्रे, ड्रिल, ग्राइंडर, लाकूड कापण्याची यांत्रिक करवत, वर्षानुवर्षे वापरणाऱ्यांची बोटे पांढरी पडू लागली तर ते कामामुळे होणारे नुकसान असू शकते आणि त्याची दखल लवकर घ्यावी लागते. मधुमेह असणाऱ्या काहींना मज्जातंतूंच्या दुखापतीमुळे पाय गार असल्याचा केवळ भास होतो, प्रत्यक्षात ते गरम असू शकतात. अशांनी गरम पिशवी पायाला लावणे धोक्याचे आहे. तंबाखू ओढणारे आणि खाणारे, दोघांनाही माझे एकच सांगणे आहे : निकोटिन रक्तवाहिन्या आवळते, आणि ते चालू असताना बाकीचे उपाय अर्धेच लागू पडतात. तरुण वयात तंबाखूचे व्यसन असून हातापायाची बोटे गार, दुखरी होत असतील, तर बर्जर आजाराची शक्यता असते. त्यात खरोखरच रक्तवाहिन्या बंद होत जातात आणि तंबाखू पूर्ण सोडणे हाच त्यावरचा मुख्य उपचार आहे. मद्याने ऊब येते हा समजही चुकीचा आहे. त्वचेतल्या रक्तवाहिन्या फुलतात, क्षणभर गरम वाटते आणि शरीरातली उष्णता बाहेर निघून जाते.

चहा-कॉफीविषयी सरसकट नियम सांगण्याइतका ठोस आधार नाही. तुमच्या नोंदवहीत कॉफीनंतर झटके वाढलेले दिसले तर ती कमी करा, नाही तर जिवाला लावून घेऊ नका. रक्ताभिसरण सुधारण्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पूरक गोळ्यांबद्दल माझे मत याहून कठोर आहे : त्या घेऊ नयेत.

एवढे सगळे करूनही झटके रोजच्या कामाच्या आड येत असतील तर औषधे आहेत. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू सैल करणारी निफेडिपिन किंवा अम्लोडिपिन ही औषधे प्रथम दिली जातात, आणि अनेकांना ती फक्त हिवाळ्यापुरती घेऊन भागते. त्यांनी डोके दुखणे, चेहरा लाल होणे, पावले सुजणे, रक्तदाब उतरणे असे त्रास होऊ शकतात. तुम्हाला अर्धशिशी आहे, त्यामुळे डोकेदुखीचा मुद्दा डॉक्टरांपुढे स्वतःहून काढा. गर्भधारणेचा विचार असल्यास तोही सांगा.

काही लक्षणांत मात्र नोंदवही आणि छायाचित्रे बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठायला हवा. बोटाच्या टोकाला जखम होणे किंवा ती न भरणे, त्वचा काळी पडणे, ऊब मिळूनही तासाभरात रंग न परतणे, एकाच हाताला किंवा एकाच बोटाला अचानक सुरू झालेला गारवा आणि तीव्र वेदना, यांत वाट पाहण्यात बोट गमावण्याचा धोका असतो.

घरच्यांच्या बोलण्याचा तुम्हाला बोटांइतकाच त्रास होतो, हे पत्रात लपलेले नाही. “अंगात रक्त नाही” म्हणणाऱ्यांना काळजी असते. “एवढ्याशा थंडीचं काय” म्हणणाऱ्यांनी बहुधा तुमची बोटे पांढरी असताना पाहिलेलीच नसतात, कारण तुम्ही घरी पोहोचेपर्यंत ती पूर्ववत झालेली असतात. डॉक्टरांसाठी काढलेले छायाचित्र घरीही दाखवा. वाद घालण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. आणि झटपट होण्याजोगी मदत मागा : सकाळी थंड पाण्यात भांडी-भाज्या धुणे, फ्रीझरमधून वस्तू काढणे, ओले कपडे पिळणे ही कामे हिवाळ्यापुरती दुसऱ्या कोणी करावीत, किंवा तुम्ही ती हातमोजे घालून करावीत.

राहिला नोकरीचा प्रश्न. सोसायचे की सोडायचे, असे दोनच रस्ते तुम्ही समोर ठेवले आहेत, पण त्यांच्या मधल्या जागेत अजून कोणी पाऊलही टाकलेले नाही. जागा बदलून मिळेल का, असे तुम्ही कार्यालयात विचारल्याचे पत्रात कुठेही नाही. मागितले तर नाजूक ठरू, ही धास्ती तेवढी आहे. डॉक्टरांकडून चार ओळींचे पत्र घ्या आणि “मला थंडी वाजते” असे न म्हणता “थंड झोतामुळे माझ्या बोटांचा रक्तपुरवठा थांबतो आणि त्या वेळात मला टंकलेखन करता येत नाही, म्हणून माझी जागा बदलावी किंवा झोताची दिशा वळवावी” असे लेखी द्या. हे गाऱ्हाणे नाही, कामाशी संबंधित मागणी आहे, आणि ती मान्य करायला कोणाला खर्चही फारसा येत नाही. तोवर खुर्चीच्या पाठीवर एक जादा स्वेटर ठेवा, बोटांची टोके उघडी राहतील असे हातमोजे घालून काम करा. माउस धरणारा हात तासन्‌तास हलत नाही आणि म्हणून आधी गारठतो. तो अधूनमधून मोकळा सोडा, दर तासाला उठून चार पावले चाला. सकाळची वेळ अर्ध्या-पाऊण तासाने पुढे ढकलून मिळत असेल किंवा हिवाळ्यात काही दिवस बसने जाता येत असेल, तर तेही विचारून पाहा.

या हिवाळ्यात राजीनामा लिहू नका. आधी गोळीविषयी डॉक्टरांशी बोलणे होऊ द्या, तपासण्यांचे निकाल येऊ द्या, जागा बदलून मिळते का पाहा आणि मुठींवरच्या आवरणांसह किमान महिनाभर प्रवास करा. त्यानंतरही नोकरी सोडावीशी वाटली, तर ती बोटांसाठी सोडावीशी वाटते की त्या कार्यालयात साधी जागा बदलून मागण्याचीही धास्ती वाटते म्हणून, हे मला दुसऱ्या पत्रात लिहा. त्या प्रश्नाचे उत्तर वेगळे असेल.